इंदूरच्या काळ्या मातीत घरचा लसूण: लावणीपासून वेणीपर्यंत

माळव्यात राहून लसूण घरी लावायची गरज काय, असा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्त आहे. लसणाच्या उत्पादनात मध्य प्रदेश देशात पहिला. मंदसौर, नीमच, रतलाम हा सगळा पट्टा लसणाचा, आणि रतलाम जिल्ह्यातल्या रियावनच्या लसणाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. लसूण भाजी की मसाला हा वाद तर इथे थेट उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापर्यंत गेला होता. भावाचं म्हणाल तर त्याचा भरवसा नाही: एखाद्या वर्षी शेतकरी वैतागून माल रस्त्यावर ओततो, आणि २०२४ च्या शेवटी तोच लसूण किरकोळ बाजारात किलोला ४०० रुपयांच्या घरात गेला.

तरी पैसे वाचतील म्हणून लावू नका. वाफाभर लसणाने वर्षाचं भागत नाही. लावायचा तो हिवाळाभर हाताशी ओली पात असावी म्हणून, आणि जे पीक या मातीला, या हवेला मुळातच मानवतं ते पहिल्यांदा बागकाम करणाऱ्यालाही बऱ्यापैकी साधतं म्हणून. राबणूक फारशी नाही. मात्र दोन तारखा सांभाळाव्या लागतात, लावायची आणि पाणी तोडायची, म्हणजे काढणीआधी पाणी बंद करायची. नवख्यांचा लसूण फसतो तो बहुतेक या दोहोंपैकी एक चुकल्यामुळे. खत, औषध, फवारणी या गोष्टी त्यानंतरच्या.

लावायची वेळ

इंदुरात लसूण लावायचा तो साधारण १० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर या महिन्यात. ‘दसरा-दिवाळीच्या मध्ये’ असं जुनी माणसं सांगतात ते बरोबरच आहे, फक्त अधिक महिन्यामुळे सण मागेपुढे होतात, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख धरलेली बरी. पाऊस पूर्ण उघडलेला हवा. परतीच्या पावसाच्या सरी चालू असताना, माती अजून उबदार आणि चिखलट असताना पाकळी खुपसली तर ती उगवण्याआधीच कुजते.

उशीर का चालत नाही, हे समजून घेतलं तर तारीख पाळणं सोपं जातं. थंडीत लसूण मुळं धरतो आणि पानं काढतो. फेब्रुवारीत दिवस मोठा व्हायला लागला, ऊन तापायला लागलं की रोप पानं काढायचं थांबवतं आणि जमलेला सगळा साठा खाली गड्ड्यात भरायला लागतं. म्हणजे फेब्रुवारी उजाडेपर्यंत तुमच्या रोपाला जेवढी पानं, तेवढ्याच मापाचा गड्डा. डिसेंबरात लावलेल्या रोपाजवळ तोवर चार-पाच किरकोळ पानंच असतात. त्याच्या खाली बोराएवढा गड्डा मिळतो, कधी कधी तर त्यात पाकळ्याच पडत नाहीत, एकच गोल कांडी निघते. (ती एकपाकळी टाकू नका. पुढच्या ऑक्टोबरात लावली की तिचा चांगला पाकळ्यांचा गड्डा होतो.)

जानेवारीत उत्साह आला असेल, तर गड्ड्याचा नाद सोडा आणि कुंडीत फक्त पातीसाठी लसूण लावा. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

बियाणं कुठून आणायचं

लसणाला बी नसतं, पाकळीच लावायची. त्यामुळे गड्डा जसा निवडाल तसं पीक येईल.

चोइथराम मंडीत किंवा ओळखीच्या भाजीवाल्याकडे जाऊन सरळ सांगा, लावायला पाहिजे. तो विचारेलच, “भाभी, बीज का दूँ या खाने का?” घट्ट, जड, वरचं साल न फाटलेला, काळी बुरशी नसलेला गड्डा घ्यायचा. मार्चमध्ये निघालेला स्थानिक लसूण ऑक्टोबरपर्यंत झोपेतून जागा झालेला असतो. पाकळी मधोमध कापून पाहिली तर आत हिरवा कोंब दिसतो. तो दिसला की माल लावण्याजोगा. मंदसौर-नीमचकडचं कुणी नात्यात असेल तर त्यांच्याकडून शेतातला लसूण मागवणं सगळ्यात उत्तम.

जातीच घ्यायच्या असतील तर यमुना सफेद-३, म्हणजे शेतकरी ज्याला जी-२८२ म्हणतात ती, मोठ्या आणि मोजक्या पाकळ्यांची आहे. सोलायला सोपी म्हणून घरी बरी पडते. पुण्याजवळच्या राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेच्या भीमा ओंकार आणि भीमा पर्पल याही मैदानी भागासाठीच्याच. डोंगराळ मुलखातला भलामोठा, दहा-बारा पाकळ्यांचा लसूण मात्र दिसायला कितीही देखणा असला तरी इथे लावू नका. त्याला लांब दिवस आणि कडक थंडी लागते, आपल्याकडे नुसती पानं येतात. चिनी लसणाचंही तेच. त्याच्या आयातीवर २०१४ पासून बंदी आहे, तरी चोरून आलेला कधी बाजारात दिसतो.

एक चौरस मीटर वाफ्याला पाव किलोच्या आसपास गड्डे पुरतात. गड्डा फोडायचा तो लावायच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी, आधी फोडून ठेवला तर पाकळ्या सुकतात. साल काढायचं नाही. बाहेरच्या कडेच्या जाड पाकळ्या लावणीला, मधल्या बारीक पाकळ्या वेगळ्या ठेवायच्या. ही निवड करताना हात आखडतो, ‘लहान असली म्हणून काय झालं, येईल की’ असं वाटतं. येते, पण लहान पाकळीतून लहानच गड्डा येतो.

जागा आणि माती

दिवसाला किमान सहा तास ऊन हवं, आणि ते हिवाळ्यातलं ऊन. पावसाळ्यात लख्ख दिसणारा कोपरा डिसेंबरात सावलीत जातो, कारण सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. इंदूरच्या अक्षांशावर डिसेंबरअखेर भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून जेमतेम ४४ अंश वर येतो. त्यामुळे मीटरभर उंचीच्या कठड्याची सावली दुपारीही मीटरभर लांब पडते, सकाळ-संध्याकाळी त्याहून लांब. गच्चीवर कुंड्या ठेवणाऱ्यांनी दक्षिणेच्या कठड्याला चिकटून कुंड्या मांडू नयेत. उत्तरेच्या बाजूला, मोकळ्यावर ठेवाव्यात. जुन्या पेठांतल्या वाड्यांच्या चौकात लसूण जमत नाही तो यामुळेच, तिथे सरळ गच्ची गाठावी.

आता मातीचं. आपली काळी माती लसणाला खाऊ भरपूर घालते, पण दोन बाबतींत छळते. ओली असताना पाणी धरून बसते, आणि वाळली की दगड होते. ओली राहिली तर पाकळी कुजते. दगड झाली तर गड्डा फुगत नाही आणि काढताना मान तुटून हातात येते. म्हणून अंगणात सपाट जागी लसूण लावू नये, गादीवाफा करावा. जमिनीपासून वीतभर उंच, रुंदी एवढीच की दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचावा, म्हणजे मीटर-सव्वा मीटर. लांबी जागेप्रमाणे. वाफ्यावर पाय द्यायचा नाही, एकदा तुडवली की काळी माती वर्षभर तशीच बसते.

माती हलकी करायला बरेच जण दोन घमेली वाळू मिसळतात. थोडक्या वाळूने काळी माती हलकी होत नाही, उलट विटेसारखी आवळते. तिला मोकळं करतं ते कुजलेलं खत. चौरस मीटरला तीन-चार किलो चांगलं मुरलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट वरच्या वीतभर मातीत मिसळा. ओला-सुका कचरा वेगळा करायला इंदूरकरांना शिकवावं लागत नाही, तेव्हा घरचं खत करणाऱ्यांची संख्याही इथे बरी आहे. फक्त ते पूर्ण झालेलं असू द्या. अर्धवट कुजलेल्या खतात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते, आणि गरम खताने पाकळी भाजते.

दोन मुठी निंबोळी पेंड टाकलीत तर चांगलं. चुलीची किंवा बंबाची राख मात्र नको. राख टाकायचा सल्ला सगळीकडे दिला जातो आणि आम्लधर्मी मातीत तो योग्यही आहे, पण माळव्याची माती आधीच अल्कधर्मी, तिच्यात राख घालून काय साधणार? त्याऐवजी मूठभर जिप्सम मिसळा. त्यातून गंधक मिळतं, आणि लसणाचा जो उग्र वास आणि तिखटपणा आपल्याला हवा असतो तो गंधकाच्या संयुगांमुळेच येतो. गंधक कमी पडलेला लसूण फोडणीत घातला तरी शेजारघरी कळत नाही.

ज्या वाफ्यात मागच्या हंगामात कांदा किंवा लसूण होता तो यंदा टाळा. पावसाळ्यात चवळी, गवार, सोयाबीन असं काही तिथे असेल तर फारच छान.

कुंडीवाल्यांसाठी: खोली किमान २० ते २५ सेंटिमीटर, तळाला भोकं मोकळी. बारा इंची ग्रो बॅगेत आठ-नऊ पाकळ्या बसतात, त्याहून जास्त कोंबू नका. दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट हे मिश्रण चालतं. तुटकी बादली, जुना टब, फळांच्या पेट्या, काहीही चालेल.

लावणी

वाफा आदल्या दिवशी हलकाच भिजवा, म्हणजे लावताना माती हाताला वाफशाची, भुसभुशीत लागेल. दोरी धरून १५ सेंटिमीटर अंतरावर ओळी आखा. ओळीत दर १० सेंटिमीटरवर एक पाकळी. म्हणजे चौरस मीटरला साठ-पासष्ट पाकळ्या होतात.

पाकळीची चपटी बाजू, जिथून मुळं फुटतात, ती खाली आणि टोक वर. उलटी लावली तरी उगवते, पण कोंब वळसा घालून वर येतो, त्यात दम घालवतो आणि गड्डा वाकडा होतो. बोटाने चार-पाच सेंटिमीटरचं भोक पाडून पाकळी त्यात ठेवा आणि वरून माती सारा. नुसती दाबून खुपसली तर काळ्या मातीत तळ घट्ट होतो, मग मुळं फुटताना पाकळी स्वतःलाच वर उचलते. सकाळी वाफ्यावर बाहेर आलेल्या पाकळ्या दिसल्या तर पक्ष्यांना दोष देण्याआधी हे तपासा.

वरून झारीने पाणी द्या आणि सोयाबीनचा किंवा गव्हाचा भुसा बोटभर जाडीने पसरा. ऑक्टोबरात सोयाबीन नुकतंच निघालेलं असतं, शहराबाहेर कुणाकडे तरी भुसा मिळतो. जाड थर देऊ नका, खाली ओल कोंडते. आठ-दहा दिवसांत हिरवी टोकं दिसायला लागतील. काही मागे राहतात, पंधरवडा वाट पाहून मगच रिकाम्या जागी दुसरी पाकळी टोका.

उरलेल्या पाकळ्यांची पात

बारीक पाकळ्या बाजूला ठेवल्यात ना? त्या एका पसरट कुंडीत बोटबोटभर अंतरावर दाटीने लावून टाका. महिन्याभरात वीतभर पात होते. कात्रीने वरून कापायची, बुडाशी चार बोटं सोडायची. दोन-तीन कापण्या सहज मिळतात. सप्टेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत दर पंधरा दिवसांनी एक कुंडी लावत राहिलात तर हिवाळाभर पात तुटत नाही. थालीपिठात, पिठल्यावर, ओल्या खोबऱ्याच्या चटणीत, नाहीतर दाल-बाफल्यांबरोबर खरपूस परतून. थोडक्या कष्टात लसणातून मिळणारं सगळ्यात चवदार उत्पन्न हेच, असं माझं मत. मोठ्या वाफ्यातली पात मात्र कापू नका. तिथे एकेक पान गड्ड्यासाठी राखून ठेवायचं आहे.

नोव्हेंबर ते जानेवारी

पाणी बेताने. वाफ्यात उगवण होईपर्यंत ओल टिकवायची, मग काळ्या मातीत आठ ते दहा दिवसांनी एकदा पुरतं. बोट दोन पेरं मातीत घाला, खाली ओल लागली तर आज पाणी नाही. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं म्हणून नळ आला की वाफा भिजवायचा, ही सवय लसणाला घातक. कुंडीत दोन-तीन दिवसांनी द्यावं लागेल.

तण वेळेवर काढा. लसणाची पानं उभी आणि बारीक, खाली सावली पडत नाही, त्यामुळे गवत बिनधास्त माजतं आणि लसूण त्याच्याशी झगडू शकत नाही. मुळं वरवर असतात म्हणून खुरपं खोल घालायचं नाही. पहिल्या दोन महिन्यांत दोनदा निंदणी, नंतर हातानेच उपटायचं.

वरखत द्यायचं ते लावणीनंतर महिन्याने आणि पुन्हा दोन महिन्यांच्या आत, मूठ-दोन मुठी गांडूळखत ओळींच्या मधून. युरिया वापरणाऱ्यांनी चौरस मीटरला एकेका वेळी दहा ग्रॅमच्या वर जाऊ नये. दोन महिन्यांनंतर मात्र नत्राचं काहीही नाही, शेणखताचं पाणी नाही, जीवामृतही नाही. उशिरा नत्र मिळालं की पानं गर्द हिरवी होतात, बघायला सुरेख दिसतात, आणि खाली गड्ड्यातल्या पाकळ्यांना जमिनीतच नवे कोंब फुटतात. असा लसूण ना टिकतो ना नीट सोलता येतो.

डिसेंबर-जानेवारीत मावठा, म्हणजे हिवाळ्यातला अवकाळी पाऊस, पडला, दोन-तीन दिवस ढग राहिले, की पानं रोज पाहा. पांढुरके खोलगट ठिपके पडून मध्ये जांभळट होऊ लागले तर तो करपा. रोगट पानं काढून वाफ्यापासून लांब टाका, पाणी काही दिवस बंद, भुशाचा थर बाजूला सारा, म्हणजे हवा खेळेल. घरच्या वाफ्यात एवढ्याने बहुतेक वेळा निभावतं.

फेब्रुवारीत कोरडी हवा सुटली की फुलकिडे येतात. पानांवर चंदेरी ओरखडे दिसतात, आणि पानाच्या बेचक्यात बारीक पिवळट किडे. लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर नीमतेल आणि साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब घालून संध्याकाळी बेचक्यांत पोचेल अशी फवारणी करा, आठवड्याने पुन्हा. निळे चिकट सापळेही मिळतात, एक-दोन लावून ठेवावेत.

पाणी तोडणं

ही दुसरी तारीख, आणि ही कॅलेंडरवर सापडत नाही, रोपाकडे बघून ओळखावी लागते. चार-साडेचार महिने होत आले, खालची दोन-तीन पानं वाळली, वरच्यांची टोकं पिवळी पडायला लागली की पाणी बंद. वाफ्यात काढणीआधी पंधरा ते वीस दिवस, कुंडीत आठ-दहा दिवस.

इथे माणसाचा जीव राहत नाही. पानं पिवळी पडताना बघून पाणी घालावंसं वाटतं. घालू नका. रोप मरत नाही, पिकतं आहे. लसणाचं प्रत्येक पान खाली गड्ड्याभोवती एक पापुद्रा होऊन उतरलेलं असतं. पान वाळलं की तो पापुद्रा कागदासारखा होतो. याच दिवसांत पाणी मिळालं तर पापुद्रे कुजतात, गड्डा उघडा पडतो, पाकळ्या विलग होतात. गुढीपाडव्याच्या सुमारास असा फुटलेला लसूण कुणाकडे निघाला तर समजावं, शेवटची पाणी जास्त झाली.

काढणी

पानांपैकी निम्मी वाळलेली, वरची चार-पाच अजून हिरवट, मान मऊ होऊन पात आडवी पडू लागलेली, ही काढायची वेळ. ऑक्टोबरात लावलेला लसूण होळी-रंगपंचमीच्या आसपास या टप्प्यावर येतो. आधी एकच गड्डा काढून आडवा कापून पाहा. पाकळ्या वेगवेगळ्या दिसत असतील आणि त्यांच्यावर स्वतंत्र साल आलं असेल तर बाकीचे काढा. सगळं एकसंध, पांढरंशुभ्र, रसाळ असेल तर आठवडाभर थांबा.

सगळी पात वाळेपर्यंत वाट पाहण्याचा मोह नको. तोवर पापुद्रे गळालेले असतात आणि आपली माती पक्की आवळलेली. ओढून उपटायचं तर मुळीच नाही. ओळीपासून चार बोटं लांब खुरपं किंवा काटा खोल घालून माती खालून उचला, मग गड्डा अलगद वर घ्या. खुरप्याचा घाव लागलेले गड्डे त्याच आठवड्यात स्वयंपाकाला. चिकटलेली माती हाताने झाडा, धुऊ नका. शेतात हेक्टरी १०० क्विंटल हा साधारण चांगला उतारा, म्हणजे चौरस मीटरला एक किलो. पहिल्या वर्षी त्याहून कमी आलं तर वाईट वाटून घेऊ नका.

सुकवणी आणि साठवण

काढलेला लसूण पातीसकट सावलीत पसरा. गच्चीवरच्या उन्हात नको, मार्चचं दुपारचं ऊन गड्डा भाजून काढतं. ओसरी, जिना, पंखा चालू असलेली खोली, कुठेही वारा लागला पाहिजे. आठ-दहा दिवसांनी पात अर्धवट सुकून लवचीक होते तेव्हा वेणी घाला. पूर्ण वाळल्यावर ती मोडते. वेणी नको असेल तर आणखी आठवडाभर वाळवून, दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापा, मुळं छाटा, आणि जाळीच्या पिशवीत टांगा.

फ्रिजमध्ये अख्खे गड्डे ठेवू नयेत, तिथल्या गारव्यात त्यांना लवकर कोंब येतात. प्लॅस्टिकची पिशवी तर नकोच. एप्रिल-मे कोरडे असतात, लसणाला काही होत नाही. खरी परीक्षा जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत. तेव्हा पंधरा दिवसांनी वेणी चाचपायची. मऊ लागणारा गड्डा लगेच तोडून घ्यायचा, तसे चार-पाच जमले की शेंगदाण्याची कोरडी चटणी करून टाकायची. सगळ्यात मोठे, घट्ट आठ-दहा गड्डे मात्र पहिल्याच दिवशी वेगळ्या वेणीत बांधा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की ही ऑक्टोबरची आहे, हिला हात लावायचा नाही.